केबलवाल्याचं नेट घेणारे सगळे अडाणीच का?

तापीकाठ_भुसावळ

काल या फोरमवर पुण्यात राहणाऱ्या एका खानदेशी भाऊंनी लिहिलं: "गावाकडे अजून केबलवाल्याचं नेट घेणारे लोक हौसेने लुटून घेतात. मोठ्या कंपनीचं घ्या, ॲपवर तक्रार टाका, विषय संपला." खाली अंगठ्यांची रांग. दोन ओळीत उत्तर देऊन झोपणार होतो, पण डोकं तापलं.

भाऊ, तुमचा सल्ला मी तुम्ही द्यायच्या आधीच ऐकून बसलोय. दोन वर्षांपूर्वी केबलवाल्याची वायर काढून टाकली आणि मोठ्या कंपनीचं घेतलं. पहिले आठ महिने नाव ठेवायला जागा नव्हती, खोटं कशाला बोलू. मग ऐन आखाजीत रस्त्याच्या कामावरच्या जेसीबीने फायबर तोडला. घरात दोन बहिणी माहेरी आलेल्या, पाच भाचरं, बाहेर 45 अंश, आणि राउटरवर लाल लाइट. ॲपवर तक्रार टाकली. दुसऱ्या दिवशी मेसेज, 'आपली तक्रार सोडवण्यात आली आहे.' लाइट लालच. पुन्हा टाकली, पुन्हा 'सोडवली'. असं चार वेळा. फोनवरची बाई हिंदीतून विचारते, राउटर बंद करून चालू केला का? अहो बाई, फायबर खड्ड्यात तुटून पडलाय, मी काठावर उभा राहून बघतोय! अकरा दिवस गेले.

त्याच खड्ड्यात केबलवाल्याचाही फायबर तुटला होता. तो त्याच रात्री साडेनऊला आला. मोटरसायकलच्या सीटवर फायबर जोडायचं मशीन मांडलं, पोऱ्याच्या हातात टॉर्च दिली. वरचं आवरण सोललं, केसाएवढी काच स्पिरिटच्या बोळ्याने पुसली, कटरमध्ये खटकन कापली. दोन्ही टोकं मशीनमध्ये ठेवल्यावर स्क्रीनवर दोन रेघा सरकत सरकत समोरासमोर आल्या, बारीक ठिणगी उडाली, जोडातल्या तोट्याचा आकडा आला 0.02, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. स्लीव्ह चढवून तापवली आणि पुढची तार घेतली. बारा तारा होत्या. जाताना माझ्याकडे बघून म्हणतो, "तुमनं नेट चालू शे ना, दादा?"

त्याला माहीत होतं हो. पुढच्या महिन्यात त्याच्याकडे परत गेलो. एक शब्द बोलला नाही, फक्त हसला. तो धुतल्या तांदळाचा आहे असं माझं म्हणणं नाही. त्याचं "आते येस", आत्ता येतो, म्हणजे दोन तास की दोन दिवस हे देवाला माहीत. पण तो येतो.

पाचोरेकर_सध्या_पुणे

तो मीच. एका जेसीबीवरून निबंध लिहिलात, छान. तुमचा केबलवाला रात्री साडेनऊला तुमच्या प्रेमापोटी आला नव्हता. त्याची सगळी गल्ली बंद होती आणि महिन्याची वसुली तोंडावर होती. माझ्या वडिलांचं कनेक्शन पाचोऱ्याला लोकलचंच होतं. तीन दिवस बंद, तर म्हणे "काका, वरून प्रॉब्लेम आहे." वरून म्हणजे कुठून? आभाळातून? शेवटी मी पुण्यातून मोठ्या कंपनीचं बुक केलं, दुसऱ्या दिवशी बसलं, आजतागायत चालू आहे. वडील रोज रात्री व्हिडिओ कॉल करतात. माझ्यापुरता विषय संपला.

शहाद्याची_लेक

दोघेही 'कोण लवकर येतो' यावर भांडताय. चालू असतं तेव्हा काय मिळतं ते बोला ना.

मी शहाद्यात घरून काम करते. प्लॅन 100 एमबीपीएसचा. सकाळी सातला 92 मिळतात. रात्री नऊला 9, कधी 6. सहा आठवडे वहीत लिहिलंय, रोज तीन वेळा. ऑपरेटरला वही दाखवली तर म्हणतो, "ताई, वायफाय लांब पडत असेल." लॅपटॉपला वायर लावलीय दादा, राउटरला चिकटून बसलेय! त्यावर म्हणतो, "मग लॅपटॉप जुना असेल." सकाळी सातला नवा असतो का?

शिवाय 2023 च्या जानेवारीपासून सरकारी व्याख्येत 2 एमबीपीएस मिळालं तरी ते ब्रॉडबँडच. त्याआधी तर 512 केबीपीएसवर भागत होतं. म्हणजे माझे 6 एमबीपीएस तिप्पट ब्रॉडबँड झालं, नारळ फोडायला हवा.

मोठ्या कंपनीचं घ्या म्हणणाऱ्या भाऊंना सांगते, आमच्या भागात ती आलेलीच नाही. मागच्या वर्षी दुसऱ्या एका ऑपरेटरने वायर ओढली होती. आठवड्याच्या आत एका रात्रीत तीन ठिकाणी तुटली, एकदम साफ. सगळे म्हणाले उंदीर. आमच्याकडचे उंदीर पक्कड घेऊन फिरतात बहुतेक. आणि बिल? वहीच्या पानावर 'पेड' आणि सही. 18 टक्के जीएसटी मात्र तोंडी लावतो.

तापीकाठ_भुसावळ

ताई, तुमचा ऑपरेटर चोर असेल. त्यावरून सगळे चोर कसे?

शहाद्याची_लेक

आणि तुमचा रात्री साडेनऊला आला म्हणून सगळे संत?

धुळे_लाइनमन_माजी

नऊ वर्षं या धंद्यात होतो, आता मोबाइल रिपेअरिंग करतो. दोन्हीकडचं सांगतो, शिव्या दोन्हीकडून खाईन.

ताईंचं बरोबर आहे. सकाळी 92 आणि रात्री 9 म्हणजे तुमची वायर चांगली आहे, राउटर चांगला आहे, लॅपटॉपही चांगला आहे. ऑपरेटरने वरच्या कंपनीकडून बँडविड्थ कमी घेतलीय आणि गिऱ्हाइकं जास्त जोडलीत. प्रत्येकाला 100 विकतो कारण सगळे एकाच वेळी वापरत नाहीत हा हिशोब. तो हिशोब पुण्यामुंबईतही असाच असतो. पण रात्री नऊला मालिका, क्रिकेट आणि पोरांचे गेम एकदम सुरू झाले की तो कोसळतो. लोड वाढला की वरून वाढवून घ्यायला पैसा लागतो, तो जिवावर येतो.

पण निम्म्या तक्रारी खरंच वायफायच्या असतात, हेही ऐका. जुन्या धाब्याच्या घरात दोन हात जाडीची मातीची भिंत. राउटर ओट्याकडच्या खोलीत, पोरगं मागच्या खोलीत. पाच गिगाहर्ट्झचा सिग्नल त्या भिंतीतून जात नाही म्हणजे नाही. आणि 100 एमबीपीएस म्हणजे डाउनलोडला सेकंदाला साडेबारा एमबी, शंभर नव्हे; स्पीड बिटमध्ये मोजतात, फाइल बाइटमध्ये, आणि आठ बिटांचा एक बाइट. यावरून मी लोकांच्या दारात किती तास घालवलेत!

आता खरी गोम. घरात जे 'फायबर' म्हणून येतं ते कित्येक ठिकाणी फायबर नसतंच. फायबर गल्लीच्या तोंडापर्यंत येतो, तिथे कन्व्हर्टर आणि स्विच, म्हणजे घराघरात नेट वाटणारा डबा, आणि पुढे निळी लॅनची वायर. ती शंभर मीटरच्या पुढे दम टाकते, पावसाळ्यात वीज कडाडली की पोर्ट जळतात. खऱ्या फायबरच्या लाइनला खांबावर नुसता स्प्लिटर, म्हणजे एका फायबरच्या अनेक फांद्या करणारा तुकडा असतो, त्याला लाइट लागत नाही. स्विचला लागते. मग तो कुणाच्या तरी घरात बसवायचा, त्याच्या मीटरवर, आणि बदल्यात त्याला नेट फुकट. अशी किती घरं मी स्वतः गाठलीत.

चोपडा_गल्ली_नं_२

थांबा थांबा थांबा! हे फुकट नेटवालं घर आमच्या गल्लीतही आहे! एक रिटायर सर आहेत. गावी जाताना मेन स्विच पाडून जातात. मागच्या श्रावणात कानबाईला गेले, तीन दिवस अख्खी गल्ली अंधारात. म्हणजे लाइट होती, नेट नव्हतं. माझ्या पुतणीच्या ॲडमिशनच्या फॉर्मची शेवटची तारीख! रात्री मोटरसायकलवर तिला घेऊन बसस्टँडपाशी मोबाइलच्या रेंजमध्ये उभा राहिलो. ऑपरेटर म्हणतो, "सरांच्या घराला कुलूप आहे, मी काय भिंत फोडू?"

तापीकाठ_भुसावळ

हे मात्र भारी. अख्ख्या गल्लीचं नेट एका कुलपात.

केळीबाग_रावेर

आमच्याकडे स्विच दुकानात आहे. दुकानदार रात्री दहाला शटर ओढतो आणि मेन बंद करतो. दहानंतर आमचं गाव साधुसंतांचं. बायका खूश आहेत, खरं सांगायचं तर.

निवृत्त_शिक्षक_चोपडा

नाव घेतलं नाही म्हणून मला कळणार नाही असं वाटलं का? गल्ली नंबर दोनमधला रिटायर सर मीच.

आता माझंही ऐका. चार वर्षांपूर्वी ऑपरेटर हात जोडून आला, "सर, एवढा डबा ठेवू द्या, तुमचं नेट कायमचं फ्री." ठेवू दिला. दुसऱ्याच पावसाळ्यात वीज पडली, डब्याबरोबर माझा टीव्हीही गेला. भरपाई? "सर, ती नैसर्गिक आपत्ती." तेव्हापासून मी बाहेरगावी जाताना मेन पाडतो आणि पाडणारच. घर माझं आहे. रात्री अकराला दाराची कडी वाजते, "सर, तुमच्याकडे लाइट आहे का? आमचं नेट गेलंय." सगळी वस्ती मला सबस्टेशन समजते. पुतणीचा फॉर्म शेवटच्या दिवसापर्यंत का ठेवला, हे शिक्षक म्हणून विचारतो.

चोपडा_गल्ली_नं_२

सर, नमस्कार. आपण आहात हे माहीत असतं तर जरा सांभाळून लिहिलं असतं. पण फॉर्मचं आपल्याला नाही कळणार, जातीचा दाखला त्या दिवशी दुपारी हातात आला. आणि आपण चार वर्षं फुकट नेट वापरताय, आम्ही महिन्याला पाचशे मोजतो. डब्याला लाइट किती लागते?

धुळे_लाइनमन_माजी

हिशोब देतो. स्विच आणि कन्व्हर्टर मिळून 20 वॉट धरा. 24 तास, 30 दिवस, म्हणजे 14.4 युनिट. शंभर-दीडशे रुपये.

चोपडा_गल्ली_नं_२

बघा. दीडशे देऊन पाचशेचं नेट.

निवृत्त_शिक्षक_चोपडा

आणि टीव्ही किती वॉटचा होता तेही मोजा ना! उद्यापासून डबा तुमच्या घरात ठेवा. साडेतीनशे तुम्ही कमवा, कडी तुमची वाजू द्या.

पाचोरेकर_सध्या_पुणे

मी शांतपणे वाचतोय. एका सरांच्या मेन स्विचवर गल्लीचं इंटरनेट चालतं, आणि हे मला सांगतात की लोकल चांगलं. 😄

तापीकाठ_भुसावळ

हसा. तुमच्या कंपनीने माझी तक्रार चार वेळा 'सोडवली', ते विसरू नका.

शहाद्याची_लेक

विषय कुठून कुठे गेला. मी विचारलं होतं की रात्री नऊला 6 का, आणि आपण सरांच्या टीव्हीवर आलो.

जे मोठ्या कंपनीवर चिडलेत आणि जे केबलवाल्यावर, दोघांसाठी लिहिते, कारण मी हे करून पाहिलंय. ट्राय, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांवरची सरकारी नियामक संस्था, एकट्यादुकट्याची तक्रार घेत नाही, तिथे मेल टाकून उपयोग नाही. आधी कंपनीकडून डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा नंबर घ्यायचा. नाही सुटलं तर कंपनीच्याच अपिलेट अथॉरिटीकडे, म्हणजे अपील ऐकणाऱ्या वरच्या अधिकाऱ्याकडे, अपील करायचं, 2012 च्या नियमांत ते आहे. केबलवाला बहुतेक वेळा कुणाची तरी फ्रँचायझी असतो, लायसन ज्याच्या नावावर त्याला धरायचं. 1915 वर ग्राहक हेल्पलाइन आहे. आणि मोबाइल-इंटरनेटची तक्रार ग्राहक मंचात चालत नाही असं कुणी म्हणालं तर सुप्रीम कोर्टाचा फेब्रुवारी 2022 चा निकाल दाखवा, चालते. पाच लाखांपर्यंत फीही नाही.

तापीकाठ_भुसावळ

महिन्याच्या पाचशे रुपयांसाठी नंदुरबारला तारखांना जायचं? त्यापेक्षा चौकात चहा पाजून काम होतं.

शहाद्याची_लेक

तुमचं होतं, दादा. तुम्ही चौकात चहा पाजू शकता. मी ऑपरेटरला चहाला बोलावलं तर दुसऱ्या दिवशी शहाद्यात काय चर्चा होईल? त्याच्या ऑफिसात गेले तर तो माझ्याशी बोलतच नाही, विचारतो "भाऊंना पाठवा." कनेक्शन माझ्या नावावर, पगार माझा, भाऊ दहावीत. तुमचा 'तो येतो' हा पुरुषांचा प्लॅन आहे. आमच्यासाठी नुसता डॉकेट नंबर आहे.

तापीकाठ_भुसावळ

हे डोक्यात आलं नव्हतं. मान्य. स्पीडचंही मान्य, माझ्याकडे रात्री मोजून पाहिलं, 100 चे 31 आले. मोजायला नको होतं.

पाचोरेकर_सध्या_पुणे

चला, काहीतरी मान्य झालं. मीही एक मान्य करतो, फार आनंद मानू नका. वडिलांना आत्ता फोन लावला, रात्रीचा व्हिडिओ कॉल चांगला चालतो ना म्हणून. तर म्हणे, "अरे तुझ्या कंपनीचं मागच्या सोमवारपासून बंद आहे. शेजारच्यांचं केबलवाल्याचं वापरतोय, पासवर्ड दिलाय त्यांनी. तुला कशाला त्रास."

केळीबाग_रावेर

🙏🙏 शेजाऱ्यांना एक घड केळी पाठवा.

धुळे_लाइनमन_माजी

सर, तुमच्या ऑपरेटरला सांगा, डबा काढ आणि खांबावर स्प्लिटर बसव. गल्लीत तीस घरं असतील तर एक दिवसाचं काम आहे. पण प्रत्येक घरात नवीन ओएनयू, म्हणजे फायबर ज्यात लागतो तो घरातला डबा, लागेल, त्याचे पैसे तो तुमच्याकडूनच मागेल.

चोपडा_गल्ली_नं_२

किती?

धुळे_लाइनमन_माजी

घासाघीस करा. पहिला आकडा जो सांगेल त्याच्या निम्म्यावर या.

निवृत्त_शिक्षक_चोपडा

आत्ताच त्याला फोन केला. म्हणाला, "आते येस, सर." मी रविवारी गावी निघतोय. जाण्यापूर्वी आला तर ठीक, नाहीतर मेन पाडून जाईन. गल्ली नंबर दोनने फॉर्म शनिवारपर्यंत भरून घ्यावेत.