मोहरम "साजरा" करणाऱ्यांनो, जरा थांबा

तापीकाठ: कालपासून एक पोस्ट फिरतेय, "आमच्या खानदेशात मोहरम हिंदूच जास्त साजरा करायचे, आता मौलवींनी वाट लावली." डोकं फिरलं वाचून. अरे भो, मोहरम साजरा करायचा सण कधीपासून झाला? करबलात पैगंबरांचे नातू हुसेन शहीद झाले त्याचा दुखवटा आहे तो. तुमच्या लक्षात राहिला ढोल, डोला म्हणजे मिरवणुकीतला ताबूत, आणि शरबत. आमच्या घरी आशुऱ्याला, म्हणजे मोहरमच्या दहाव्या दिवशी, रोजा ठेवतात, डोला करत नाहीत, तर लगेच आम्ही कट्टर. तुमचं बालपण रम्य राहावं म्हणून आम्ही कायम ताबूत नाचवायचे का?

धुळेकर_जुना: पोस्ट माझीच आहे. मी लहानपणी मरता मरता वाचलो, आईनं सवारीला, म्हणजे मोहरमात निघणाऱ्या पंजाला, नवस बोलला होता, मग मला फकीर केलं, गळ्यात नाडा घालून घरोघर फिरवलं. तेव्हा तिला कोणी सांगितलं नाही बाई हे इस्लाममध्ये बसत नाही. सवारी उचलणारे मुसलमानच होते ना? का तेही चुकीचे?

तापीकाठ: आईबद्दल मी एक शब्द बोललोय का? मुसलमानांत यावर आधीपासूनच दोन मतं आहेत, ज्यांना करायचे ते आजही करतात. तुम्हाला फक्त एकच मत गोड लागतं.

सातपुड्याचा_तडवी: तुम्ही दोघं भांडा. यावल-रावेरकडे आम्ही तडवी भिल्ल, मुसलमान आदिवासी, आहोत हे कोणाला आठवतं का? आमच्याकडे ईदला नमाज आणि पोळ्याला बैलाला पुरणपोळी. घरची नवी पोरं म्हणतात पोळा बंद करा, आणि जातीचा दाखला काढायला गेलं की साहेब विचारतो मुसलमान असून आदिवासी कसे. सांगा, आम्ही कोणत्या पोस्टमध्ये बसतो?

केळी_रावेर: सणाचं राहू द्या, रमजानात केळीला उत्तरेत एवढी मागणी असते, ट्रकच्या ट्रक जातात, तरी शेतकऱ्याला बोर्ड भाव, म्हणजे जाहीर झालेला भाव, मिळत नाही, बोर्डावर एक आणि बांधावर व्यापारी देतो दुसराच, वर कटती, म्हणजे वजनातली कपात, वेगळी. यावर लिहा कोणीतरी.

भुसावळची_सून: काका, रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस आधी सरकतो. तुमची लागवड मृगबाग (पावसाळ्यातली) नाहीतर कांदेबाग (पावसाळ्यानंतरची), ती काय चांद बघून करता?

केळी_रावेर: पोरी, लागवड तू शिकवू नको. पलीकडे मध्य प्रदेशात बऱ्हाणपूरला लिलाव होतो, तिकडे भाव बघ. तापी नदी तीच, माती तीच.

धुळेकर_जुना: विषय मोहरमचा होता!!

सातपुड्याचा_तडवी: काका बरोबर बोलताय. आमच्या वाडीवर तर व्यापारी माल वाकडा म्हणून निम्मे घड टाकून गेला, रोजे चालू होते, घरी इफ्तारीला तीच केळी.

भुसावळची_सून: 2023 ला आषाढी आणि बकरी ईद एकाच दिवशी, 29 जूनला आली होती. आमच्या शेजारच्या चाचींकडे कुर्बानी दुसऱ्या दिवशी केली, तीन दिवस चालते म्हणाल्या. ना पोस्ट ना फोटो. धुळेकर काका, हे तुमच्या "आता वाट लागली" मध्ये कुठं बसवायचं?

धुळेकर_जुना: बरं बाई, वाट लागली नाही. खूश? पण डोले कमी झाले हे खरं आहे की नाही?

तापीकाठ: झाले असतील. आणि फकीर व्हायला तुमची नातवंडं कितीशी तयार आहेत तेही विचारा एकदा घरी.

केळी_रावेर: कटतीवर कोणीच बोलू नका.