मदत हवी आहे: जुन्या गाडीला घरीच रंग मारायचा आहे, एकपदरी की बेसकोट-क्लिअर?

नमस्कार मंडळी,

जुनी गाडी पूर्ण उघडून पुन्हा उभी केली आहे. गंजका पत्रा कापून नवे तुकडे वेल्ड झाले, इंजिन सुरू होतं, ब्रेक लागतात. उरलाय तो रंग, आणि तो घराला लागून असलेल्या शेडमध्ये स्वतःच मारायचा आहे. स्प्रे गन अजून हातात धरलेली नाही. प्रश्न असा, एकपदरी (रंग आणि चमक एकाच थरात) घेऊ की बेसकोट-क्लिअर (आधी रंग, वर पारदर्शक थर)?

पत्र्यावर एपॉक्सी प्रायमर, त्यावर पुट्टी, ती ८० च्या पेपरने सुरू करून १८० आणि ३२० ने घासली आहे. कडांना पत्रा थोडा उघडा पडलाय, तिथे पुन्हा एपॉक्सी मारणार. मग सर्फेसर (घासून सपाट करायचा प्रायमरचा थर) आणि ६०० चा वॉटर पेपर. इथवर ठीक वाटतंय.

मूळ रंग साधा लाल, मेटॅलिक नाही. त्यामुळे ढग पडायची (फिकट-गडद डाग दिसायची) भीती नाही आणि दारं, बॉनेट, डिकी काढून वेगवेगळी रंगवता येतील. एकपदरी टू-के पीयूत (हार्डनर मिसळून मारायचा पॉलियुरेथेन रंग) काम कमी. पण नवख्याच्या हातून ओघळ येणारच, आणि ते घासताना रंगच घासला जाईल. क्लिअर असेल तर त्यावर २००० चा पेपर आणि पॉलिश चालवायला वाव राहतो. तुम्ही काय घ्याल?

दुसरं, कॉम्प्रेसर मिनिटाला ७ घनफूट हवा देतो. एचव्हीएलपी (जास्त हवा, कमी दाबाच्या) गनना साधारण १० ते १५ लागते. दारापुरतं निभेल, पण टपाचं काय? मध्ये थांबलो तर ओला काठ सुकणार.

तिसरं मास्कचं. हार्डनरमधल्या आयसोसायनेटने दमा जडू शकतो हे वाचल्यापासून जरा धास्तावलोय. काडतुसाचा (वाफ शोषणारी गाळणी लावलेला) मास्क पुरेल का?

---

प्रतिसाद:

मास्कपासून सुरुवात करतो, बाकीचं त्यावर ठरेल. आयसोसायनेटचा वास येईपर्यंत ते धोक्याच्या पातळीपुढे गेलेलं असतं, त्यामुळे काडतूस संपलं हे नाकाला कळत नाही. बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क, अंगभर सूट आणि हातमोजे जमत नसतील तर टू-के घरी मारू नका. शेड घराला लागून आहे म्हणता, म्हणजे घरच्यांचाही प्रश्न आहे. प्रायमर आणि घासकाम तुम्ही करा, शेवटचा रंग बूथ (रंग मारायची बंदिस्त खोली) असलेल्या गॅरेजमधून मारून घ्या. खरी मेहनत घासकामातच असते, त्यामुळे गाडी तुम्हीच रंगवली असं बिनधास्त सांगा. मात्र एपॉक्सी आणि सर्फेसरच्या डब्यांवरची माहितीही वाचा, काहींच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं.

मास्क-सूटची सोय होत असेल तर बेसकोट-क्लिअर. टपासाठी कमी हवेवर चालणारी एलव्हीएलपी गन बघा, नोझल १.३ किंवा १.४ मिमी. आधी भंगारातल्या दारावर हात बसवा. वाफ बाहेर काढायला साधा पंखा लावू नका, मोटरच्या ठिणगीने थिनरची वाफ पेटू शकते.

आणि कॉम्प्रेसर व गनच्या मध्ये वॉटर सेपरेटर आहे का? तुम्ही लिहिलेलं नाही. टाकीतलं पाणी रंगात आलं की पुढे फोड येतात.