मदत हवी आहे: मिनिएचरवर रंग खरखरीत येतोय, डोळे तर जमतच नाहीत

ऑर्क_इंदूरी: नमस्कार मंडळी, तीन आठवडे झाले एकाच जादूगाराच्या मिनिएचरवर (खेळातला बोटभर पुतळा) अडकलोय आणि आता संयम संपत आलाय. रंग वाळूसारखा खरखरीत दिसतो, दाढीतल्या खाचा बुजल्या, आणि डोळे काढायला गेलो की एक वर एक खाली, चार वेळा पुसले. पुढच्या रविवारी आमचा डंजन्स अँड ड्रॅगन्सचा (टेबलाभोवती बसून आपापलं पात्र घेऊन खेळायचा) खेळ आहे आणि पाचही जणांची पात्रं मीच रंगवतो असं सांगून बसलोय. हात सुधारायला काय करू? लवकर सांगा प्लीज.

ओला_पॅलेट: कुठला रंग, कुठला प्रायमर (रंगाआधी मारायचं अस्तर), पुतळा प्लास्टिकचा की रेझिनचा? काहीच लिहिलं नाहीस.

ऑर्क_इंदूरी: अरे नेहमीचंच, अ‍ॅक्रिलिक. साइज २८ मिमी. मित्राने रेझिनमध्ये थ्रीडी प्रिंट करून, धुऊन दिलेत.

स्नेहलतागंज_काकू: बाळा, आधी डोळे तपासून घे. मला वाटायचं हात थरथरतोय, निघाला चाळिशीचा नंबर. मी दरवर्षी गौरीचे मुखवटे रंगवते, डोळे काढताना दोन्ही मनगटं एकमेकांना टेकवायची, कोपर टेबलावर, श्वास सोडला की मग ब्रश लावायचा. आणि मूर्ती शाडूचीच आणत जा.

ओला_पॅलेट: काकू, मनगटांचं अगदी बरोबर. पण तू सांग, रंग ट्यूबमधला का? पाणी किती घालतोस?

ऑर्क_इंदूरी: ट्यूबमधला, पाणी नाही घालत, पातळ केला की खालचं दिसतं ना.

ओला_पॅलेट: दाढी त्यानेच बुजली. दिसू दे खालचं, दोन-तीन पातळ थर द्यायचे, प्रत्येक थर पूर्ण वाळू द्यायचा. चपट्या डब्यात भांडी घासायचा नवा स्पंज ओला करून ठेव, वर बटर पेपर, त्यावर रंग काढ, म्हणजे आपल्या उन्हाळ्यातसुद्धा तासभर ओला राहतो. मी पहिली दोन वर्षं टाइलवर रंग काढून वाया घालवली.

सियागंज_स्प्रे: खरखर पातळ करून जाणार नाही भिया. प्रायमर कधी मारला?

ऑर्क_इंदूरी: गच्चीवर, दुपारी दोन वाजता, घरात वासावरून ओरडतात म्हणून. सूर्याखाली लवकर वाळेल असं वाटलं. त्याचा काय संबंध?

सियागंज_स्प्रे: सगळा संबंध त्याचाच! मे महिन्यात दुपारी थेंब हवेतच वाळतात आणि मिनीवर भुकटी बसते. सकाळी सहाला मार, कॅन दोन मिनिटं हलव, एक वीतभर लांबून, छोटे छोटे फटके. मी गाडीचा करडा प्रायमर वापरतो, स्वस्त आणि घट्ट.

ओला_पॅलेट: गाडीच्या प्रायमरने बारीक नक्षी बुजते. ब्रशने लावायचा प्रायमर घे, ना ऊन ना पाऊस.

सियागंज_स्प्रे: जाड मारला तर कुठलाही बुजवेल. मी शंभरएक मिनी केल्यात त्यावर.

बेंद्रेप्रेमी: इंदूरच्या मुलाने रंगाची घाई करू नये. चित्रकार ना. श्री. बेंद्रे १९१० साली इथेच जन्मले, देवळालीकर मास्तरांकडे शिकले, पुढे बडोद्याला शिकवलं. रोज एक स्केच काढ, वर्षभरात हात बसेल.

ऑर्क_इंदूरी: काका, वर्षभर नाहीये, रविवार आहे. हा जादूगार वाचेल का?

सियागंज_स्प्रे: वाचेल. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये थोडा वेळ ठेव, रात्रभर नको, रेझिन ठिसूळ होईल. मग जुन्या टूथब्रशने घास. ग्लोव्ह्ज घाल, खिडकी उघड.

ओला_पॅलेट: आणि डोळे सगळ्यात आधी. खोबणीत गडद तपकिरी, त्यावर पांढरी आडवी रेघ, त्यात एक उभी काळी रेघ, मग बाहेर गेलेलं सगळं कातडीच्या रंगाने झाकून टाक. पुसायचं कशाला? बाकी चौघांना बेस (मूळ रंग), वॉश (खाचांत उतरणारा पातळ गडद रंग) आणि ड्रायब्रश (जवळजवळ कोरड्या ब्रशने उंचवट्यांवर फिका रंग) पुरे. पाचही जणांचे बूट एकदम, मग पाचही झगे.

स्नेहलतागंज_काकू: एकदम पाच नको, कंटाळून सोडून देशील. एक पुरता कर, तो समोर उभा दिसला की दुसऱ्याला हात लागतो.

ऑर्क_इंदूरी: काकूंचं ऐकलं. काल घासून काढला, आज सकाळी सहाला प्रायमर मारला, हाताला गुळगुळीत लागतोय! डावा डोळा पहिल्या झटक्यात बसला, उजवा झाकून परत काढला. पण वॉश दाढीच्या टोकाशी थेंब होऊन साचलाय, काय करू?

ओला_पॅलेट: ओला असेल तर ब्रश कोरडा करून टोक लाव, ओढून घेईल. वाळला असेल तर दाढीचाच रंग पातळ करून वरून.

ऑर्क_इंदूरी: ओला आहे. थांबा.