बाईकले फ्युएल मॉड्यूल बसवणं म्हणजे शौक नाही, गरज आहे. पटते का सांगा

दारव्हेकर३५०:
राजेहो, विषय मुद्दाम काढून रायलो, कारण आमच्या चौकात परवा ह्याच्यावरून लय वादावादी झाली अन् अर्ध्या लोकाईले वाटते का इंजेक्शनच्या गाडीले ट्युनिंग मॉड्यूल, म्हणजे पेट्रोलचं प्रमाण बदलवणारं डब्बं, बसवते ते फक्त रेस लावणारे पोट्टे. माही गाडी ३५० ची, २०२१ चं मॉडेल, बीएस-६ (धुराच्या नव्या नियमाची). कृषी केंद्राईले औषधं पोचवायचं काम आहे, रोज शंभर-सव्वाशे किलोमीटर होते, मागं दोन खोके बांधून. आता आमचा रस्ता कसा, तं गिट्टी उखडलेली, पुढं कापसाची बंडी नाही तं ट्रॅक्टर, तिसऱ्या गियरवर तीसच्या स्पीडनं रेंगाळत जायचं. तथी गाडी असे झटके मारे का मांगचे खोके हलत. मे महिन्यात तं पिंडरीपाशी इंजिनाची भगभग सहन होये ना, अन् पंपावर लाईनीत आयडलवर बंद पडे ते वेगळंच.

जानेवारीत मॉड्यूल बसवलं, अकरा हजार गेले. वायर एकही कापली नाही, सगळं कपलरवर. ईसीयू, म्हणजे गाडीतला कॉम्प्युटर, पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरले जेवढा वेळ उघडा ठेव म्हणते त्याच्यात हे डब्बं थोडा वेळ वाढवते, बस एवढंच काम आहे त्याचं. झटके गेले. ॲव्हरेज छत्तीसचं साडेतेहतीसवर आलं, ते मले मंजूर आहे.

आता काहून लागते ते सांगतो. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं, त्याच्यात सायलेन्सरमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर साफ करणारी जाळी, कॅट) नीट चालाले पायजे म्हणून कंपनी हवा-पेट्रोलचं मिश्रण १४.७ ला एक ह्याच्याच आसपास धरून ठेवते. धुरासाठी ते बराबर आहे, मी नाही म्हणत नाही. पण कमी आरपीएमवर वजन ओढतांनी इंजिनाले थोडं जास्त पेट्रोल पायजे. वरून आता पंपावर ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल. नुसत्या पेट्रोलले १४.७ लागते, ई-२० ले साडेतेराच्या जवळपास, म्हणजे तेवढ्याच हवेत पेट्रोल जास्त सोडा लागते. आपली गाडी ई-१० च्या हिशेबानं सेट केली असन तं ते कमी पडणारच.

परतवाडा गॅरेज:
दारव्हेकर भाऊ, सोळा वर्षं झाले ह्या धंद्यात, म्हणून राग न मानता ऐकून घ्या. तुमचा ई-२० चा हिशेब बरोबर आहे पण जागा चुकली. तिसऱ्या गियरवर तीसनं जाता तेव्हा गाडी क्लोज्ड लूपमधे असते, म्हणजे सायलेन्सरच्या पाइपातला ओटू (ऑक्सिजन) सेन्सर सांगते तसं ईसीयू पेट्रोल कमीजास्त करत राहते. सेन्सर ऑक्सिजन पाहते, टाकीत ई-१० आहे का ई-२० त्याचं त्याला घेणंदेणं नाही. लीन, म्हणजे पेट्रोल कमी, झालं की सेन्सरचं व्होल्टेज पॉइंट पंचेचाळीसच्या खाली जाते, ईसीयू लगेच पेट्रोल वाढवते. ई-२० चा फरक पडते तो ओपन लूपमधे, म्हणजे ईसीयू सेन्सरकडे न पाहता ठरलेल्या हिशेबानं पेट्रोल सोडते तेव्हा, थ्रॉटल पूर्ण पिळल्यावर, नाही तर सकाळी थंड इंजिन चालू करतानी. तुमचे झटके तिथले नाहीतच.

मग झटके कायचे? माझ्याकडे अशी गाडी आली की मी आधी चेन पाहतो. ढिली चेन अन् झिजलेला स्प्रॉकेट, हे निम्म्या गाड्याईचं दुखणं असते. मग टॅपेट (व्हॉल्व्हची फट), मग थ्रॉटल बॉडीतला, म्हणजे इंजिनात हवा सोडणाऱ्या भागातला, काजळीचा थर, एअर फिल्टर. आपल्या काळ्या मातीची धूळ फिल्टरला कशी चोंदवते ते कंपनीच्या सर्व्हिस शेड्युलमधे लिहिलेलं नसते. सायलेन्सरच्या बेंडपाशी गॅस्केट फुंकत असली तर सेन्सरला बाहेरची हवा लागते, त्याला वाटते गाडी लीन आहे, अन् ईसीयू उगाचच पेट्रोल ओतत राहते. अशा गाडीवर मॉड्यूल बसवलं म्हणजे ताप उतरवाची गोळी देली, पू तसाच राहिला.

दारव्हेकर३५०:
दादा, क्लोज्ड लूपचं तुमचं बरोबर आहे, पण मॉड्यूल तेच तं बदलवते ना. माह्या मॉड्यूलचा ओटू सेन्सरचा कपलर वेगळा आहे, ते ईसीयूले खोटा सिग्नल देऊन मिश्रण नुसत्या पेट्रोलच्या हिशेबात साडेतेराच्या आसपास आणते. म्हणून तं तीस-चाळीसच्या स्पीडमधे फरक जाणवला. नुसतं हवेच्या सेन्सरले रेझिस्टर लावून थंडी आहे असं भासवाचे धंदे करते लोक, ते मी केले नाही, त्याले ईसीयू दोन दिवसात वळखून परत मूळावर येते.

अन् चेन मी पाहिली नाही हे कबूल.

वणी कोलबेल्ट:
गॅरेजवाल्या दादांशी सहमत. एक गोष्ट इथं कोणीच बोलून नाही रायलं, ती म्हणजे कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मधे गाडीत असा बदल करायला मनाई आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर १८२अ मधे मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद असं सरळ लिहिलेलं आहे. पीयूसीवाला आयडलवर धूर पाहतो म्हणून गाडी पास होऊन जाते, पण उद्या ॲक्सिडेंट झाला, क्लेम टाकला आणि सर्वेअरने सीटखाली तो डबा पाहिला तर? आमच्याकडे कोळशाच्या ट्रकांमुळे रोडवर कधी काय होईल सांगता येत नाही, घरी बायकालेकरं आहेत, मी अकरा हजारासाठी विम्याशी खेळणार नाही. वॉरंटीचं तर बोलूच नका. २०२३ च्या एप्रिलनंतरच्या गाड्यांत ओबीडी-२ (गाडी स्वतःचा बिघाड स्वतः तपासते ती यंत्रणा) आहे, तिथं मिश्रणाशी छेडछाड केली की इंजिनचा दिवा लागायची शक्यता आणखी जास्त.

धुराचंही एक आहे. वणीत राहतो म्हणून सांगतो, हवा खराब झाली की काय होतं ते घरोघरी खोकून माहीत आहे. मिश्रण १४.७ वरून जास्त पेट्रोलकडे हललं की कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमधून बराच कार्बन मोनॉक्साईड तसाच बाहेर जातो. तुमचे झटके गेले आणि तो धूर मागच्या बंडीवाल्याच्या नाकात गेला.

आकोटचा बुलेटवाला:
मी तं म्हणतो मॉड्यूल लावाच अन् संगं फ्री-फ्लो सायलेन्सरबी लावा, कॅटची कटकटच नाही, आवाज बी भारी.

दारव्हेकर३५०:
नाही भाऊ, ते माह्या डोक्यात नाही. कॅट काढणं अन् गावातून फटफट करत जाणं ह्याच्या मी विरोधात आहे, लोकाईच्या घरी म्हातारे माणसं असते. वणीच्या दादाचा धुराचा मुद्दा मले लागला, त्याच्यावर माह्यापाशी उत्तर नाही. फक्त कॅट जळून जाते असं जे सांगतात ते तरी खरं हाये का गॅरेजवाले दादा?

परतवाडा गॅरेज:
साडेतेरावर जळत नाही, आपलं काम अर्धवट करते. जळते ते मिसफायरनं. प्लग सोडून पेट्रोल तसंच बाहेर गेलं अन् कॅटमधे पेटलं की आतली जाळी वितळते. तुमच्या मॉड्यूलचं कपलर ढिलं झालं अन् सिलिंडर सोडून सोडून चालाले लागला तर तो दिवस लांब नाही.

संत्रा बेल्ट वरूड:
मी बाईक चालवत नाही, माझी स्कूटी आहे, तरी लिहिते कारण हे आमच्या घरी घडलंय. मागच्या जुलैत भाऊ मित्रांसोबत चिखलदऱ्याला गेला होता, गाडीला असंच मॉड्यूल, शहरातून बसवून आणलेलं. उतरताना घाटात पाऊस, आणि गाडी गपकन बंद. रेंज नाही. दोन तास धुक्यात ढकलत ढकलत आणली. खाली दोन मेकॅनिकांना दाखवली, दोघांनीही सांगितलं की हे आम्ही उघडत नाही, ज्यानं बसवलं त्याच्याकडे न्या. शेवटी टेम्पोत टाकून घरी आणली. आई रात्री एक वाजेपर्यंत ओसरीवर बसून होती. नंतर कळलं की नुसतं कपलरमध्ये पाणी गेलं होतं. मॉड्यूल काढून कंपनीचे मूळ कपलर एकमेकांना जोडले असते तर गाडी तिथंच चालू झाली असती, पण हे भावाला कोणी दाखवलंच नव्हतं. कार्बोरेटरची गाडी बंद पडली तर गावातलं कोणीही जेट फुंकून देतं. ह्या डब्याला शंभर किलोमीटरात माणूस नाही. मला तरी हेच सगळ्यात मोठं कारण वाटतं नको म्हणायला.

दारव्हेकर३५०:
ताई, वाचून वाईट वाटलं. अन् मी तुमचंच उदाहरण माह्या बाजूनं वापरणार आहे, राग नका धरू. बसवणाऱ्यानं पैसे घेतले अन् बायपास शिकवला नाही, ही त्याची चूक आहे. मी पहिल्याच दिवशी घरी, अंधारात, मोबाईलच्या टॉर्चवर तीन खेपा काढून परत बसवलं. दहा मिनिटं लागते. कपलरवर डायलेक्ट्रिक ग्रीस लावलं, टूलकिटमधे एक कागद ठेवला का कोणतं कपलर कोणाले जोडाचं. रात्री गाडी गोठ्यात उभी असते, उंदरं वायरा कुरतडते, म्हणून हार्नेसले जाळीची स्लीव्ह बी घातली. ज्याले एवढं कराचं नाही त्यानं बसवू नये, हे मी आता लिहून देतो.

आर्णी रोड:
माझी शंभर सीसी आहे, इंजेक्शनवाली, शेतात जाण्यायेण्याले. मी बसवू का? अकरा हजारात तं सोयाबीनच्या बियाण्याचे दोन-तीन बॅगा येते.

परतवाडा गॅरेज:
बियाणं घ्या. फिल्टर बदला, चेनला तेल द्या, इंजेक्टर साफ करून घ्या. ॲव्हरेज थोडं पडलं असेल तर ते ई-२० नं पडलं, नीती आयोगाच्या २०२१ च्या रोडमॅपमधेच ई-१० साठी सेट केलेल्या दुचाकीचं ३ ते ४ टक्के पडेल असं लिहून आहे. इथेनॉलमधे ताकदच पेट्रोलपेक्षा तिसऱ्या हिश्शानं कमी, ती कोणत्याच मॉड्यूलनं परत येत नाही.

दारव्हेकर भाऊ, तुमच्यासारखं निगुतीनं करणारा माणूस मी कमी पाहिला. पण मला अजूनही वाटते तुमच्या गाडीचं दुखणं चेनमधे आहे, तिथं नसलं तर टॅपेटमधे. एक रविवार काढा, गाडी घेऊन या. मजुरी घेणार नाही. इंजिन थंड झाल्यावर टॅपेट सेट करू, थ्रॉटल बॉडी धुवू, चेन ताणू. मग मॉड्यूलशिवाय चालवा अन् त्याच खोक्यांसकट चालवा. तरी झटके आले तर मी इथंच येऊन लिहीन की माझं चुकलं.

दारव्हेकर३५०:
येतो दादा. रविवारी पहाटे पाचले निंगतो, उन्हाच्या आत अमरावती गाठतो. येतांनी मॉड्यूल चालू ठेवून येतो, तुमच्याकडून जातांनी बंद. दोन्ही टायमाले टाकी फुल करून लिहून ठेवतो. खोके तेवढेच, वजन तेवढंच. पण मे महिना येऊ द्या, ४५ डिग्रीत बी तसंच चाललं तं मंगच मी मानीन.

परतवाडा गॅरेज:
ठीक. फक्त बंद म्हणजे मॉड्यूलमधला मॅप (पेट्रोल किती वाढवायचं ते सेटिंग) शून्यावर नाही, ओटू सेन्सरचं अन् इंजेक्टरचं कपलर दोन्ही मूळ जागी. अन् बॅटरीचा निगेटिव्ह दहा मिनिटं काढून ठेवू, म्हणजे ईसीयू जुनं शिकलेलं विसरेल. नंतरचे पन्नास-साठ किलोमीटर हिशेबात धरू नका.