आईच्या गुडघ्यांसाठी कोणती पेनकिलर?

आई ६८ वर्षांची, गुडघ्यात सुरुवातीचा संधिवात, जिना चढताना फार दुखतं. बीपीची टेल्मिसार्टन चालू आहे. मेडिकलवाला आयब्युप्रोफेन देतोय, रोज दिली तर चालेल का?

– रोज नका देऊ हो, टेल्मिसार्टनबरोबर किडनीवर ताण येतो, बीपी वाढू शकतं आणि या वयात अल्सरची भीती आहेच. आधी डायक्लोफेनॅक जेल लावून बघा, गुडघ्याला बऱ्याच जणांना आराम पडतो आणि गोळीपेक्षा रक्तात खूपच कमी जातं.

– जेल लावल्यावर वरून शेक देऊ नका, गरम पट्टा बांधू नका.

– फारच दुखलं तर पॅरासिटामॉल ५००, पण सर्दीच्या गोळ्यांतही तेच असतं, सगळं मिळून दिवसाला ३ ग्रॅमच्या आत ठेवा.

– मांडीचे व्यायाम सुरू केलेत का? माझ्या सासूबाईंना गोळ्यांपेक्षा त्यानेच जास्त फरक पडला.