मदत हवी आहे : ब्रह्मकमळाच्या कळ्या बोटाएवढ्या होऊन गळतात

कोल्हापूरच्या बागप्रेमींनो, जरा सांगा. कुंडी 12 इंची, पूर्वेची बाल्कनी, सकाळी नऊपर्यंत कोवळं ऊन, मग उजेडाची सावली. मिश्रण दोन भाग लाल माती, एक भाग जुनं शेणखत, एक भाग जाड वाळू नि विटांचे तुकडे. पानांच्या खाचांतून कळ्या भरपूर धरतात, पण देठ बाकदार होऊन कळीचं तोंड वर वळायच्या आधीच पिवळट पडून देठासकट गळतात.

पिठ्या ढेकूण (कापसासारखी पांढरी कीड) नाही, खाचा भिंगातून बघितल्यात. तळाच्या भोकाशी दिसणारी मुळं पांढरी, टणक, कुजका वास नाही. तरी संशय पाण्यावरच, कारण आपल्याकडं झड लागली की बाल्कनीतही पाऊस येतो आणि दोन इंच खोल बोट घातलं तरी माती ओलीच लागते. दुसरा संशय शेंगपेंडेच्या पाण्यावर. मे महिन्यात दोनदा दिलंय, नत्र जास्त झालं असावं. लांब, मऊ, दोरीसारखे फुटवे सुटलेत.

कुंडी आत घ्यावी तर उजेडाची दिशा बदलून उरलेल्या कळ्याही जायच्या. मग जागेवरच वर प्लॅस्टिक बांधावं का? 0:52:34 (नत्र नसलेलं, स्फुरद-पालाशाचं पाण्यात विरघळणारं खत) लिटरला एक ग्रॅम, आत्ता कळ्या असताना फवारलं तर चालेल की पुढच्या फेब्रुवारी-मार्चपर्यंत थांबावं? आणि कुंडी बदलायची घाई कोण सुचवू नका, मुळं जरा दाटलेलीच या झाडाला मानवतात. मिश्रणात वाळू वाढवायची असेल तर फुलं संपल्यावर किती, तेवढं सांगा.