मदत हवी आहे: चिंचेने धुतलेल्या कवड्यांची चकाकी गेली

नमस्कार मंडळी,

आजेसासूबाईंची तुळजाभवानीची कवड्यांची माळ आता आमच्या देव्हाऱ्यात आहे. हळदीकुंकू आणि तेलाचा चिकट थर चढला होता. नवरात्राआधी साफ करू म्हणून मी नको तो शहाणपणा केला. तांब्याची भांडी घासतो तसा चिंचेचा कोळ करून त्यात माळ बुडवली. बारीक बुडबुडे आले, मला वाटलं मळ सुटतोय. दहा मिनिटांनी काढली तर कवड्या खडूसारख्या फटफटीत, हाताला खरखरीत! सासूबाई अजून काहीच बोललेल्या नाहीत, त्याचीच जास्त धास्ती आहे.

चकाकी परत आणता येते का? आणि काही कवड्यांच्या पाठीवर नारिंगी कडं आहे. जत्रेतला दुकानदार म्हणाला, कड्याच्या कवड्या नकली. खरं का?

खाडीकाठ: ताई, मळ नाही, कवडीच विरघळत होती. कवडी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आंबटाशी गाठ पडली की कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे येणारच. लक्षद्वीपला ओहोटीच्या वेळी जिवंत कवडी पाहिली आहे. आतल्या गोगलगायीचं मऊ आवरण दोन्ही बाजूंनी वर येऊन पाठ झाकून टाकतं आणि तेच वरून गुळगुळीत थर चढवत राहतं. ते पॉलिश तिचं होतं. आता ती नाही, तर थर देणार कोण?

साध्या पाण्यातून दोनतीनदा काढा, सावलीत वाळवा, दोरा ओला ठेवू नका. लिंबू, व्हिनेगर पुन्हा नको. बारीक वॉटर पेपरने ओलं घासून थोडी झळाळी आणता येते, पण आधी एकाच कवडीवर करून बघा. मी असतो तर माळ तशीच ठेवली असती.

सारीपाट: दुकानदाराचं ऐकू नका, दोन्ही अस्सल. कड्याची ती मोनेटारिया ॲन्युलस, दुसरी मोनेटारिया मोनेटा. दोघींना 1758 मध्ये स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनिअसनेच नावं दिली. चलन म्हणून दोन्ही चालल्या. मालदीवच्या कवड्या बंगालमध्ये जात आणि बदल्यात तांदूळ येई, असं चौदाव्या शतकात मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूताने लिहून ठेवलंय. 'कवडीमोल' आपण उगाच म्हणतो!

नुसत्या कड्यावर जाऊ नका, मोनेटावरही कधी फिकट कडं असतं. आकार बघा. मोनेटा पसरट, कडेला टेंगळं असलेली. ॲन्युलस अंड्यासारखी, गुळगुळीत.

धागाकर्ती: पण निम्म्या कवड्यांची पाठ ओवण्यासाठी घासून सपाट केलीय, आता?

सारीपाट: मग पोटाकडून बघा. दातेरी फट मध्ये ठेवून बाहेरची रेघ कशी जाते ते पाहा, कोनाकोनाची की लंबगोल.

धागाकर्ती: बघितलं. तेरा लंबगोल, बाकी कोनाच्या. मोजताना सासूबाई चष्मा लावून शेजारी येऊन बसल्या. विचारताहेत, वॉटर पेपर कितव्या नंबरचा आणायचा?